मेरी स्यू चाचणी : भरा जरूर, पण बेरीज पाहू नका

कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी इंटरनेटवर 'मेरी स्यू लिटमस टेस्ट' नावाच्या प्रश्नावल्या मिळतात. पैसे पडत नाहीत. छोटी प्रश्नावली दहा मिनिटांत होते, मोठीला पाऊण तास लागतो. आपलं पात्र प्रमाणाबाहेर गुणी झालंय का, लेखकाची स्वतःची हौस त्याच्या अंगावर चढली आहे का, हे या प्रश्नांमधून कळावं असा हेतू. इंदूरमध्ये मराठी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि दिवाळी अंकांना कथा पाठवायचे दिवस आले की प्रत्येकाला कुणीतरी आधी वाचून सांगणारं हवं असतं. हे काम ही चाचणी कितपत करते, ते मराठी कथेला ती लावून तपासलं.

आधी नावाबद्दल. 1973 मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या टीव्ही मालिकेचे चाहते स्वतः गोष्टी लिहून हौशी अंकांत छापत असत. अशाच 'मिनॅजरी' नावाच्या अंकात पॉला स्मिथ यांची 'अ ट्रेकीज टेल' ही अगदी लहानशी गोष्ट आली. नायिका लेफ्टनंट मेरी स्यू, वय साडेपंधरा, सबंध ताफ्यातली सर्वांत लहान अधिकारी. कप्तान तिच्यावर भाळतो, जहाज ती सांभाळते, संकटातून सगळ्यांना तीच बाहेर काढते आणि शेवटी तिने प्राण सोडले की मोठमोठे अधिकारी तिच्याभोवती उभे राहून रडतात. चाहत्यांच्या गोष्टींत ही मुलगी निरनिराळ्या नावांनी सतत येत होती. स्मिथ यांनी तिची नक्कल करून दाखवली आणि ते नाव कायमचं चिकटलं. पुरुष पात्र असेल तर त्याला गॅरी स्टू किंवा मार्टी स्टू म्हणतात. आपल्याकडे 'सद्गुणांचा पुतळा' हा शब्द जवळचा आहे. 'सर्वगुणसंपन्न' मात्र नाही, कारण तो आपण मनापासून कौतुकानेही वापरतो.

प्रश्नावल्या बऱ्याच आहेत, पण साचा साधारण एकच. नाव आणि रूप, कौशल्यं, भूतकाळ, इतर पात्रांशी संबंध, लेखकाशी साम्य असे भाग असतात. प्रत्येक भागात 'हो' वर खूण करायची. काही खुणांना जास्त गुण. काही प्रश्नावल्यांत शेवटी वजा गुणांचाही भाग असतो : पात्राच्या चुका, त्यांची शिक्षा, इतरांपुढे त्याचं काही न चालणं. बेरीज झाली की खाली गट दिलेले असतात, इतक्या गुणांपर्यंत ठीक, त्यापुढे सांभाळा, त्याहीपुढे पात्र नव्याने उभं करा. तपासताना मोजणी सोपी राहावी म्हणून इथे प्रत्येक 'हो' ला एकच गुण धरला आहे आणि वजा गुणांचा भाग बाजूला ठेवला आहे.

नमुन्यासाठी एक नायिका तयार केली. डॉ. मृण्मयी, वय 24, राहणार रामबाग, हृदयरोगतज्ज्ञ. नावाचा अर्थ 'मातीची', आणि पाय जमिनीवर असलेली मुलगी म्हणून तो अर्थ कथेत दोघे जण उलगडून सांगतात. डोळे घारे. न नटता उठून दिसते, पण स्वतःला चारचौघींसारखी समजते. परीक्षांत कायम पहिली, इंदूर घराण्याची गायकी येते, मराठी, हिंदी, माळवी, इंग्रजी, संस्कृत अस्खलित, कुठलीही गोष्ट पहिल्या प्रयत्नात जमते आणि वरिष्ठ डॉक्टरांना न सुचलेला उपाय तिला सुचतो. आईवडील लहानपणी अपघातात गेले, पण त्याचा मागमूस तिच्या आजच्या वागण्यात नाही. होणारी सासू एका भेटीत विरघळते. दोन तरुण तिच्यासाठी झुरतात. गाण्याचे गुरू म्हणतात, माझ्याकडे शिकवण्यासारखं काही उरलं नाही. तिला विरोध करणारा प्रत्येक माणूस वाईट निघतो. आणि ती हजर नसतानाही सगळे तिच्याबद्दलच बोलत असतात.

नाव-रूपात 4, कौशल्यात 5, भूतकाळात 2, इतर पात्रांत 5. एकूण 16.

आता हे 16 घेऊन करायचं काय? बहुतेक जण इथेच चुकतात. गुण कमी करायला बसतात. घारे डोळे काळे करतात, संस्कृत काढून टाकतात, झुरणाऱ्या दोघांतला एक कमी करतात. बेरीज 13 वर येते, पण कथा होती तशीच राहते. दुसरा प्रकार त्याहून वाईट : दोष चिकटवणं. मग मृण्मयी 'धांदरट' होते, जिन्यावरून घसरते, आणि खाली तिला झेलायला नायक उभा असतो. किंवा तिचा दोष म्हणे 'ती लोकांवर फार लवकर विश्वास ठेवते'. या दोषाने तिचं काही बिघडलं का? कुणी दुखावलं, काही गमावलं, एखादी वेळ हुकली? नाही ना. मग तो गुणच झाला, फक्त दोषाच्या रकान्यात लिहिलेला. दोष खरा की खोटा हे ओळखायची साधी रीत आहे : तो दोष काढून टाकला तर कथेतला एखादा प्रसंग कोसळतो का ते बघा. कोसळत नसेल तर तो दोष नव्हे.

या चाचणीतला सगळ्यांत मोलाचा भाग 'इतर पात्रे' हा आहे. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा आणि एवढाच भरा. नायिका सुंदर असली, हुशार असली, गाणारी असली म्हणून वाचक कंटाळत नाही. तो कंटाळतो ते तिच्याभोवतीची माणसं माणसं राहिलेली नसतात म्हणून. सासूला स्वतःचं मत नाही, गुरूंना स्वतःचं गाणं नाही, विरोधकाला स्वतःचं कारण नाही. सगळी जणू आरती ओवाळायला उभी. हे तपासायला कथा हातात घ्या आणि प्रत्येक दुय्यम पात्रासाठी वहीत एक ओळ लिहा : नायिका खोलीत यायच्या आधी हा माणूस काय करत होता आणि ती निघून गेल्यावर काय करणार आहे? तीन हजार शब्दांच्या कथेत अशी चार-पाच पात्रं असतात, पंधरा मिनिटांचं काम. ज्या पात्रासाठी ओळ सुचत नाही, तिथे गडबड आहे. 'ती हजर नसताना तिच्याबद्दलच बोलतात' हा प्रश्न तर एकटाच सगळ्या प्रश्नावलीची किंमत वसूल करतो.

मराठी कथेला न लागू होणारे प्रश्नही बरेच आहेत. केसांचा रंग जगावेगळा आहे का, पात्र अर्धं मानव आणि अर्धं दुसऱ्या ग्रहावरचं आहे का, त्याच्याजवळ जादूचा प्राणी आहे का, हे प्रश्न आपल्या कौटुंबिक कथेत कोरेच राहतात आणि त्यामुळे बेरीज खोटीच कमी येते. लेखक निश्चिंत होतो. म्हणून आपले प्रश्न घालावे लागतात. पहिल्यांदाच केलेली पुरणपोळी फाटत नाही का? हुंडा नाकारल्यावर मुलाकडची सगळी मंडळी लगेच मान डोलावतात का? परदेशातली नोकरी सोडून गावी आलेल्या नायकाला पहिल्याच पावसाळ्यात गाव डोक्यावर घेतं का? पन्नास वर्षं वाड्यात काढलेल्या आजोबांना नात पाच वाक्यांत पटवून देते का? आणि पात्र बोलतं ते संवाद आहेत की भाषण? एका दमात पाच-सहा वाक्यं झाली आणि मध्ये कुणी तोंड घातलं नाही, तर तिथे पात्र बोलत नाही, लेखक बोलतोय.

इंदूरच्या कथांसाठी एक जास्तीचा प्रश्न : शहरच मेरी स्यू झालंय का? स्वच्छतेत पहिलं, सकाळी पोहे-जलेबी, रात्री सराफा, सगळे दिलदार. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमानही योग्य आहे. पण मे महिन्यातलं दुपारचं ऊन आणि राजवाड्यापाशी अडकलेली रिक्षा कथेत कधीच येणार नसेल, तर ते शहर नसून पर्यटनाचं पत्रक होतं. एका कथेच्या मसुद्यात नायिका दुपारी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात होती. सराफ्यातली खाण्याची दुकानं रात्री लागतात, सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर. एवढं चुकलं की इंदूरच्या वाचकाचा विश्वास तिथेच उडतो.

आणि यावरूनच चाचणीची मोठी उणीव दिसते. ती गुण मोजते, पण काम मोजत नाही. पात्र निर्दोष होण्याचं फार मोठं कारण हे असतं की लेखकाला त्या कामातल्या अडचणी माहीत नसतात. काम अडत नाही, म्हणून पात्र चुकत नाही.

मृण्मयीचंच घ्या. 24 व्या वर्षी हृदयरोगतज्ज्ञ. एमबीबीएसची साडेचार वर्षं, सक्तीची इंटर्नशिप एक वर्ष, एमडी तीन, त्यानंतर हृदयरोगाची डीएम ही पदवी आणखी तीन. अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला आणि मधल्या एकाही प्रवेशपरीक्षेत एकही वर्ष वाया गेलं नाही, तरी साडेएकोणतीस होतात. वर गाणं. पहाटेचा रियाझ रोज दोन तास धरला, तर रेसिडेन्सीच्या काळात रात्रपाळी करून आल्यावर ती झोपते केव्हा? हा हिशेब कागदावर मांडला की पात्राला आपोआप एक तडजोड करावी लागते. एमडीच्या तीन वर्षांत गाणं सुटलं असेल. आता आवाज लागत नसेल. गुरूंकडे जायला संकोच वाटत असेल. बघा, गुरूंचं 'माझ्याकडे शिकवण्यासारखं काही उरलं नाही' हे वाक्य कुणी न सांगता गळून पडलं.

गाण्याच्या वर्णनातही हेच. मसुद्यात मृण्मयी मैफलीत 'तानांचा पाऊस पाडते' आणि श्रोते थक्क होतात. इंदूर घराणं म्हणजे उस्ताद अमीर खाँसाहेबांची (1912-1974) गायकी. अतिविलंबित म्हणजे फार संथ लय, चौदा मात्रांचा झुमरा ताल, आणि मेरुखंडाच्या अंगाने, म्हणजे मोजके स्वर क्रम बदलून मांडत, एकेका स्वरसमूहाची शांतपणे केलेली बढत. तिथे प्रसंग रंगवायचा तर तो घाईवर रंगतो. इतक्या संथ लयीत समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहताना नवशिक्याचा धीर सुटतो, तो आधीच येऊन पडतो आणि ठेका संपेपर्यंत ताटकळत राहतो. ही अडचण ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातून तानांचा पाऊस लिहिलाच जाणार नाही.

तिसरं उदाहरण मोडी लिपीचं, कारण होळकरकालीन कागदांचं गाठोडं माळ्यावर सापडणं हा आपल्याकडच्या कथांचा आवडता प्रसंग आहे. नायिका कागद उलगडते आणि भरभर वाचून वंशाचं रहस्य सांगते. मोडी अशी वाचता येत नाही. आधी आडवी शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरं सलग जोडत जातात, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक केलेला नसतो, आणि नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपं वापरलेली असतात. शब्द कुठे तुटतो हे संदर्भावरून ठरवावं लागतं. आता 'दिन' आणि 'दीन' मोडीत सारखेच दिसणार. नायिकेने 'दिन' वाचावं, दिवस मोजत बसावं, सगळा तर्क त्यावर रचावा, आणि आठवड्याने एखाद्या म्हाताऱ्या जाणकाराने सांगावं की हा 'दीन' आहे, अर्जदाराने स्वतःला लावलेलं विशेषण. नायिका हुशारच राहिली, पण चूक तिची स्वतःची आहे आणि तिने कथेचा आठवडा खाल्ला. असा एक प्रसंग प्रश्नावलीच्या दहा प्रश्नांपेक्षा जास्त काम करतो.

चाचणी आणखी एका ठिकाणी तोकडी पडते. आपल्या नाट्यशास्त्राच्या परंपरेत नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार सांगितले आहेत. धीरोदात्त म्हणजे व्याख्येनेच गुणी : गंभीर, क्षमाशील, आत्मस्तुती न करणारा, दिलेला शब्द पाळणारा. त्याला ही प्रश्नावली लावली तर तो पहिल्या पानावरच नापास होतो. पण तो कंटाळवाणा नसतो, कारण त्याच्या गुणांची किंमत त्याला मोजावी लागते. इंदूरकरांना यासाठी दूर जायला नको. अहिल्याबाईंच्या (1725-1795) चरित्राची यादी केली तर खुणाच खुणा होतील. राज्यकारभार सांभाळला, काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं, घाट, धर्मशाळा उभ्या केल्या, प्रजेने देवी मानलं. पण त्याच चरित्रात 1754 ला कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, 1766 ला सासरे मल्हारराव आणि 1767 ला मुलगा मालेराव. आणि 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले तेव्हा मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने परोपरीने विनवलं, तरी ती थांबली नाही. जिचा शब्द सबंध माळव्यात चालत होता, तिचा शब्द त्या दिवशी महेश्वरला स्वतःच्या लेकीपुढे चालला नाही. अहिल्याबाईंवर लिहिणाऱ्या कित्येकांना हा प्रसंग दोन ओळींत उरकावासा वाटतो, कारण त्यांना तेजोवलय सांभाळायचं असतं. त्यांनी तिथेच थांबून लिहायला हवं.

बायकांच्या बाबतीत ही चाचणी जपून वापरावी, हेही ठामपणे सांगायला हवं. एकटाच दहा गुंडांना लोळवणारा, सगळ्या मुलींना आवडणारा, पोरका असूनही उमदा राहिलेला नायक आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो आणि त्याला कुणी गॅरी स्टू म्हटलं नाही. तेवढीच कर्तबगार नायिका आली की लगेच खूण होते. अमेरिकेतल्या त्या चाहत्यांच्या वर्तुळातही मेरी स्यू म्हणून हिणवतील या भीतीने काही लेखिकांनी स्त्री-पात्र लिहिणंच टाळलं होतं. म्हणून खूण करताना प्रत्येक प्रश्न पात्राचं लिंग बदलून परत वाचा. नायकाला जे सहज माफ केलं असतं, ते नायिकेलाही माफ करा. विशेषतः पहिली कथा लिहिणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात ही प्रश्नावली देऊ नका. त्या वयात स्वतःला नायिका करूनच लिहिता येऊ लागतं. तिला तीन-चार कथा पुऱ्या करू द्या.

भरायची वेळही महत्त्वाची आहे. पात्र मनात तयार होत असताना भरली तर ते पात्र भित्रं होतं, प्रत्येक गोष्टीत मधलंच काहीतरी निवडतं. पहिला खर्डा पूर्ण करा, आठ-दहा दिवस बाजूला ठेवा, मग भरा. उत्तरं आठवणीवरून देऊ नका. 'हो' म्हणाल त्या प्रत्येक ठिकाणी खर्ड्यातला पान क्रमांक लिहा. पान सापडलं नाही तर तो गुण तुमच्या डोक्यात आहे, कथेत उतरलेलाच नाही. प्रश्न इंग्रजीत असल्यामुळे ज्येष्ठ लेखकांना अडचण येते. मात्र 'इतर पात्रे' या भागातले दहा-बारा प्रश्न मराठीत उतरवून एका पानावर बसतात आणि तेवढे पुरतात. एकूण चाचणीला पाचपैकी तीन तारे, त्यांतले दोन या एका भागासाठी.

मृण्मयी दुरुस्त केली ती अशी. रूपाचे चारही गुण तसेच ठेवले, त्यांचा कुणाला त्रास नव्हता. वय तीस केलं. गाणं सुटलेलं आहे. मोठ्या डॉक्टरांना न सुचणारा उपाय काढला. आईवडील नसलेल्या घरातली मुलगी म्हणून ती सणावारी जादा ड्यूटी मागून घेते, एवढं भूतकाळाच्या भागात बदललं. झुरणारा दुसरा तरुण गेला. बेरीज बरीच उतरली, पण बऱ्यापैकी गुणी बाई अजून आहेच. सगळ्यांत जास्त वेळ सासूवर गेला. मूळ मसुद्यात मृण्मयी थालीपीठ करते आणि सासूच्या डोळ्यांत पाणी येतं. नव्या मसुद्यात महालक्ष्म्या तोंडावर आल्यात, काकू, म्हणजे होणारी सासू, ओट्यापाशी भाज्या निवडतायत, आणि त्यांचं मृण्मयीशी काही वाकडं नाही. त्यांना फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे.

"काकू, पूजनाच्या दिवशी मी सुट्टी घेईन."

"यंदा घेशील गं. पुढच्या वर्षी? पेशंट आला की तू जाणार, आणि जायलाच हवं. मग या सोळा भाज्या कोण निवडणार, ते सांग मला."

मृण्मयीने समोरची मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि सोडायला घेतली. काकूंनी तिने निवडलेली पानं परातीतून बाजूला काढली, देठं तशीच राहिली होती, आणि पुन्हा निवडायला घेतली.